शाली पुरे झाल्या, आता उमेदवारी द्या

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व राजकीय पक्षांचे प्रदेशाध्यक्ष आणि उमेदवार ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम जय हिंद.

निवृत्त होऊन गावी आल्यापासून मला अकरा शाली मिळाल्या. स्वातंत्र्यदिनाला, प्रजासत्ताक दिनाला, कारगिल विजय दिवसाला आणि एकदा एका पतसंस्थेच्या शाखेच्या उद्घाटनाला. व्यासपीठावर दर वेळी आपल्यापैकी कुणा ना कुणा पक्षाचे नेते होते. शाल खांद्यावर आली, श्रीफळ हातात आलं, फोटो निघाला. त्या शाली मी आदरानेच घेतल्या. बायकोने त्या घडी करून माझ्या काळ्या ट्रंकेत ठेवल्यात. माझा नंबर, हुद्दा आणि नाव पांढऱ्या रंगात लिहिलेली, पलटणीबरोबर देशभर फिरलेली हीच ती ट्रंक. शालींच्या खाली तिच्यात एक फाईल आहे. आमच्या आणि शेजारच्या चार गावांतल्या माजी सैनिकांचे, वीरपत्नींचे, म्हाताऱ्या आईवडिलांचे अर्ज तिच्यात आहेत. शाली वाढत गेल्या तशी फाईलही जाड होत गेली. हे पत्र त्या फाईलमुळे लिहितो आहे.

मागणी आधीच सांगतो, म्हणजे आपला वेळ जाणार नाही. २०२९ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी काही जागांवर माजी सैनिकांना उमेदवारी द्या. जिथे पक्षाला अनामत वाचण्याचीही खात्री नसते त्या जागांवर नको, जिथे निवडून येण्याची शक्यता आहे तिथे द्या. आणि माजी सैनिक म्हटलं की जनरल, ब्रिगेडियर, कर्नल एवढंच डोळ्यासमोर आणू नका. हवालदार आणि सुभेदार आणा. सैन्यदलांतून दर वर्षी साठ हजारांच्या आसपास माणसं निवृत्त होतात आणि त्यांतले बहुतेक सगळे जवान, एनसीओ (नायक, हवालदार) आणि जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार) असतात. वयाच्या पस्तिसाव्या-चाळिसाव्या वर्षी ते घरी येतात. मुलं शाळेत असतात, घराचं कर्ज डोक्यावर असतं, आणि मग कुणी बँकेच्या दारात तर कुणी कारखान्याच्या गेटवर पुन्हा गणवेश चढवून उभा राहतो. या माणसाला देशाच्या संसदेत बसलेलं मला माझ्या हयातीत पाहायचं आहे.

मी सातारा जिल्ह्यातला. १९८९ साली बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला दाखल झालो, २०१५ साली सुभेदार म्हणून बाहेर पडलो. आमच्या जिल्ह्याला सैनिकांचा जिल्हा म्हणतात ते आपण भाषणांत सांगताच. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या नावातच मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं परत आली नाहीत. कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली. चीनने १९६२ मध्ये घाव घातला तेव्हा संरक्षण खातं सांभाळायला यशवंतराव दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं आमचे आजोबा छाती फुगवून सांगायचे. एवढी परंपरा असलेल्या प्रदेशातून लोकसभेत कोण जातं? साखर कारखान्यांचे अध्यक्ष जातात, वकील जातात, डॉक्टर जातात, बांधकाम व्यावसायिक जातात, नेत्यांची मुलं जातात. त्यांतल्या कुणाबद्दलही मला आकस नाही. पण उमेदवारांच्या याद्या प्रसिद्ध झाल्या की मी त्यांत आमच्यातलं नाव शोधतो, आणि ते शोधावं लागतं.

अगदी कुणी गेलंच नाही, असंही नाही. भारतीय लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा १९७१ साली मुंबईतून लोकसभेला उभे राहिले होते. मुंबईकरांनी त्यांना पाडलं, आणि तो त्यांचा हक्क होता. १९९१ मध्ये लष्करातून आलेले सुधीर सावंत राजापूरमधून निवडून गेले, तेही मधु दंडवत्यांसारख्या मोठ्या माणसाला हरवून. ढाक्यात पाकिस्तानी फौजेची शरणागती स्वीकारणारे जनरल जगजितसिंग अरोरा १९८६ मध्ये अकाली दलाकडून राज्यसभेत गेले. राजस्थान, उत्तराखंड, पंजाब, उत्तर प्रदेशात असे लोक सतत निवडून येत राहिले. मेजर जसवंतसिंह, मेजर जनरल खंडुरी, कॅप्टन अमरिंदर सिंग, जनरल व्ही. के. सिंह, कर्नल राज्यवर्धन राठोड ही नावं आपल्याला ठाऊक आहेत. यादी मोठी आहे, पण ती जवळपास सगळी अधिकाऱ्यांची आहे. त्यात मला माझा हवालदार दिसत नाही.

अधिकारी की जवान, संसदेत गेल्यावर काय फरक पडतो, असं आपण विचाराल. फाईलमधलं एक प्रकरण सांगतो.

आमच्या शेजारच्या गावात एक काकू आहेत. त्यांचे यजमान ७१ च्या लढाईत होते, तीन वर्षांपूर्वी वारले. काकूंची फॅमिली पेन्शन सुरू व्हायला हवी होती, ती अडकली. कारण नाव. लग्न झाल्यावर यजमानांनी पलटणीत पार्ट टू ऑर्डर, म्हणजे घरच्या माहितीची अधिकृत नोंद, काढून बायकोची नोंद केली, तेव्हा लेखनिकाने लग्नपत्रिकेवरचं माहेरचं नाव लिहून घेतलं. इकडे लग्नात तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने काकूंचं नवं नाव लिहिलं गेलं, आणि पुढची पन्नास वर्षं रेशनकार्डापासून आधारपर्यंत सगळीकडे तेच नाव राहिलं. आता संगणक म्हणतो की या दोन वेगळ्या बायका आहेत. काकूंनी प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नाव छापून आणलं, सरपंचाचा दाखला जोडला. कागद गेले, त्रुटी काढून परत आले, पुन्हा गेले. सुनेच्या ओळखीचा कुणीतरी म्हणाला, दिल्लीला माणूस लागतो. मला ते वाक्य फार लागलं. कारण ते खरं आहे, फक्त तो म्हणाला त्या अर्थाने नाही. दिल्लीला माणूस लागतो तो तांदळात नाव लिहिण्याची पद्धत आणि पार्ट टू ऑर्डर या दोन्ही गोष्टी ठाऊक असलेला. तो सभागृहात उभा राहून विचारील की महाराष्ट्रातल्या किती विधवांची पेन्शन नावातल्या फरकामुळे थांबली आहे, आणि लग्नानंतर नाव बदलण्याच्या प्रथेसाठी एकच सोपा नमुना का नाही. हा प्रश्न सुचण्यासाठी हुशारी लागत नाही, ते भोगलेलं असावं लागतं.

आता पेन्शन ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर आली आहे. कल्पना चांगली आहे. मोबाइलवर सगळं दिसतं, बँकेच्या दारात जावं लागत नाही. पण पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, मोबाइल नातवाचा असतो आणि नातू पुण्याला असतो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आमच्या ओसरीवर रांग लागते. मी लॅपटॉप घेऊन बसतो. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करताना त्या माणसांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते आपण एकदा येऊन पाहा.

आरोग्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण फाईलमधले निम्मे कागद त्याचेच आहेत. माजी सैनिकांसाठीची ईसीएचएस योजना १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. त्याआधी निवृत्त जवानाला पेन्शनीबरोबर मिळणारा वैद्यकीय भत्ता आणि लष्करी रुग्णालयात जागा असेल तर उपचार, एवढाच आधार होता. योजना सुरू झाली तेव्हा देशाच्या अर्थमंत्रिपदावर मेजर जसवंतसिंह होते. त्यांच्यामुळेच ती आली, असा दावा मी करत नाही. संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते आणि मागणी जुनी होती. पण पैसे मंजूर करणाऱ्या खुर्चीत गणवेश घातलेला माणूस होता ही नोंद मला महत्त्वाची वाटते.

योजना उत्तम आहे. तिच्यामुळे माझ्या ओळखीतली कितीतरी माणसं वाचली. हृदयाची शस्त्रक्रिया, गुडघे, कॅन्सर, हे जवानाच्या पेन्शनीत झालंच नसतं. पण पॉलिक्लिनिक, म्हणजे योजनेचा स्वतःचा दवाखाना, असतं जिल्ह्याच्या किंवा मोठ्या तालुक्याच्या ठिकाणी. डोंगरातल्या वाडीवरचा माणूस पहाटेच्या एसटीने निघतो, नंबर लावतो, डॉक्टरांना दाखवतो, औषधाच्या खिडकीशी जातो आणि चिठ्ठीवर निम्म्या औषधांपुढे ‘एनए’ लिहून मिळतं, म्हणजे उपलब्ध नाही. मग पुढच्या आठवड्यात परत एसटी. मोठा आजार असेल तर रेफरल घेऊन यादीवरच्या खासगी रुग्णालयात जायचं. त्या रुग्णालयांची बिलं सरकारकडे तुंबली की ती हळूच हात आखडता घेतात. खाट नाही म्हणतात, किंवा आधी पैसे भरा, नंतर परत मिळतील म्हणतात. माझ्या कंपनीतला एक नायक डायलिसिसवर होता. एके दिवशी त्याच्या रुग्णालयाने कॅशलेस थांबवलं. आठवड्यातून तीनदा करायचा उपचार, दर वेळी रोख. त्याने म्हैस विकली. मी त्याला दुसऱ्या शहरातलं रुग्णालय शोधून दिलं, पण मधले दोन आठवडे त्याने आठवड्याला दोनच डायलिसिसवर काढले. तो आज नाही. त्या दोन आठवड्यांमुळेच तो गेला असं कुठला डॉक्टर म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण ते दोन आठवडे माझ्या मनातून जात नाहीत.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण पेन्शनसाठी १ लाख ६० हजार ७९५ कोटी रुपये ठेवले गेले आणि ईसीएचएससाठी ८,३१७ कोटी. आदल्या वर्षी ईसीएचएसची तरतूद ६,९६८ कोटी होती, म्हणजे ती वाढली, आणि वाढवणाऱ्यांचे आभार. पण हे आकडे आले की टीव्हीवरचे तज्ज्ञ पेन्शनीला ओझं म्हणतात. त्या वेळी लोकसभेत उठून कुणी विचारायला हवं की वर्षअखेरीस किती कोटींची बिलं पुढच्या वर्षावर ढकलली, कोणत्या जिल्ह्यात किती रुग्णालयं यादीतून बाहेर पडली, किती पॉलिक्लिनिकमध्ये मंजूर डॉक्टर प्रत्यक्ष हजर आहेत. असे प्रश्न कुणीच विचारत नाही असं मी म्हणणार नाही. पण ते एखाद-दुसऱ्या खासदाराच्या आवडीवर अवलंबून राहतात. शेतीवर बोलणारे पन्नास खासदार असतात, कारण पन्नास जणांच्या घरी शेती असते.

मनाच्या दुखण्याबद्दल आमच्यात बोलायची रीत नाही, म्हणून मीच लिहितो. माझा एक सहकारी दहशतवादविरोधी मोहिमांत अनेक वर्षं होता. गावच्या यात्रेत छबिना निघतो, रात्री शोभेची दारू उडते, तेव्हा तो रानातल्या पंपाच्या खोलीत जाऊन कडी लावून बसतो. बायकोला वाटतं देवाचं वावडं आहे. गेली कित्येक वर्षं त्याने पालखीचं दर्शन घेतलेलं नाही. त्याला डॉक्टरकडे नेण्यासाठी मला वर्ष लागलं, आणि नेलं तेव्हा कळलं की आमच्या पॉलिक्लिनिकमध्ये मनोविकारतज्ज्ञ नाही, रेफरल घेऊन दुसऱ्या शहरात जावं लागेल. तो म्हणाला, राहू दे सुभेदारसाहेब. तालुक्याला महिन्यातून एक दिवस असा डॉक्टर यावा, एवढी साधी गोष्ट आहे. जाहीरनाम्यात एक ओळ पुरते.

आता एक गोष्ट अशी सांगतो जी माझ्या मागणीच्या विरुद्ध जाते असं वाटेल. समान पद, समान पेन्शन, म्हणजे निवृत्ती कधीही झाली तरी एकाच हुद्द्याला आणि तेवढ्याच सेवेला एकच पेन्शन, हा आमचा सगळ्यात मोठा लढा. १९७३ मध्ये तिसऱ्या वेतन आयोगानंतर जवानाची पेन्शन शेवटच्या पगाराच्या ७० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली, तिथून ही जखम सुरू झाली. संसदेत या मागणीला बळ मिळालं ते राज्यसभेच्या याचिका समितीच्या २०११ च्या अहवालाने, आणि त्या समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले. ते फौजी नव्हेत. २०१५ च्या जूनमध्ये माजी सैनिक दिल्लीच्या जंतरमंतरवर आंदोलनाला बसले, ५ सप्टेंबर २०१५ ला योजना जाहीर झाली, जाहीर करणारे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर होते. तेही फौजी नव्हेत, गोव्याचे अभियंते. म्हणजे आमचं भलं बिगरफौजी माणसांनीही केलं, आणि ते विसरणं कृतघ्नपणा होईल.

पण १९७३ ते २०१५ ही बेचाळीस वर्षं मोजा. ज्यांच्यासाठी लढा होता त्यांतले किती जण त्या काळात सरणावर गेले? आणि मंजूर झाल्यावरही दर पाच वर्षांनी होणारी फेररचना, जी १ जुलै २०१९ पासून लागू व्हायची होती, तिला मंजुरी मिळाली डिसेंबर २०२२ मध्ये. थकबाकी हप्त्यांनी द्यायचं ठरलं. शेवटी मार्च २०२३ मध्ये सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाला तारखा ठरवून द्याव्या लागल्या: फॅमिली पेन्शन घेणाऱ्यांना आणि शौर्यपदकधारकांना एप्रिलअखेर, सत्तरीपुढच्यांना जूनअखेर, बाकीच्यांना फेब्रुवारी २०२४ पर्यंत. सत्तर वर्षांच्या माणसाला हप्ते देऊ नयेत ही गोष्ट सांगायला सर्वोच्च न्यायालय का लागावं? ती सभागृहातच कळायला हवी होती.

अपंगत्वाच्या पेन्शनचंही तेच. जवान सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जिंकतो आणि सरकार त्याच्याविरुद्ध वरच्या न्यायालयात जातं. पर्रीकरांनी २०१५ मध्ये तज्ज्ञ समिती नेमून हे खटले कमी करायला सांगितलं, समितीने तसा सल्लाही दिला. तरी आमच्या भागातले दोघं अजून तारखा मोजताहेत. एकाचा गुडघा सियाचीनमध्ये गेला. त्याच्या दुखापतीचा नोकरीशी संबंध नाही असं कागदावर आहे. हे वाचून दाखवताना माझा आवाज चढतो, बायको म्हणते शांत व्हा.

पुण्यात आपण कामानिमित्त नेहमी असता. खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासून. पाठीच्या कण्याला मार लागून कमरेखाली किंवा मानेखाली शरीर गमावलेले सैनिक तिथे राहतात. काही जण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. कृत्रिम अवयव केंद्र तर १९४४ पासून पुण्यातच आहे. या दोन्ही ठिकाणी फीत न कापता, कॅमेरा न नेता दोन तास बसून या. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी चाळण झाले, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात भारतासाठी पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. सेहेचाळीस वर्षं! त्यांची आठवण करून देणारा एक माणूस जरी तेव्हा संसदेत असता तरी एवढा काळ गेला नसता, असं मला मनापासून वाटतं.

खासदार झालेला सैनिक पक्षाच्या रांगेत बसून गप्प राहिला तर? हा प्रश्न मला आमच्याच माणसांनी विचारला. त्यावर मी मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरींचं उदाहरण देतो. ते संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीचे अध्यक्ष होते आणि त्यांचाच पक्ष सत्तेत होता. मार्च २०१८ मध्ये त्यांच्या समितीने अहवाल मांडला की लष्कराकडची ६८ टक्के सामग्री जुनाट प्रकारात मोडते आणि मिळालेला निधी अपुरा आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्या जागी दुसरे अध्यक्ष आले. का आले, त्याचं कारण मी सांगू शकत नाही. पण तो अहवाल आजही आहे, आणि जवानाच्या हातात काय आहे हे खरं लिहायला लागणारी छाती त्यात दिसते. मला अशी माणसं हवी आहेत. फक्त मिशी आणि पदकं दाखवून मतं घेणारा माणूस नको, तो फौजी असला तरी नको.

त्याच कारणासाठी काही गोष्टींत माझा स्पष्ट विरोध आहे. सेवेत असलेल्या सैनिकाचा राजकारणाशी संबंध नसतो, लष्कराचा कायदाच तसा आहे, आणि तो तसाच राहिला पाहिजे. शेजारी देशांत गणवेश सत्तेत घुसला की काय होतं ते आपण पाहिलंय. निवडून गेलेला सैनिक नागरिक म्हणून जाईल, गणवेश घरी ठेवून. सेनादलांच्या वरच्या पदांवरून उतरलेल्यांनी उमेदवारी घेण्याआधी दोन वर्षं तरी थांबावं, असं मला वाटतं, म्हणजे सेवेत असताना घेतलेल्या निर्णयांवर कुणी बोट ठेवणार नाही. आणि प्रचाराच्या फलकावर जवानांचे फोटो छापणं बंद करा. निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये हे सांगितलं, मार्च २०१९ मध्ये पुन्हा सांगितलं. ज्या मुलाचा फोटो आपण छापता त्याला त्याबद्दल बोलायची परवानगी नसते. जो बोलू शकतो तो माजी सैनिक. त्याला बोलवा.

एक छोटी गोष्ट मधेच सांगतो. सेवेतल्या जवानाबरोबर राहणाऱ्या बायकोची सेवा मतदार म्हणून नोंद होत असे, पण सेवेतल्या महिला अधिकाऱ्याच्या नवऱ्याची होत नसे, कारण १९५० च्या कायद्यात ‘पत्नी’ असा शब्द होता. तो बदलून ‘जोडीदार’ व्हायला २०२१ साल उजाडलं. एक शब्द. मुली आता एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, जाताहेत. त्यांच्या पुढच्या अडचणी कोणत्या शब्दांत दडल्या आहेत ते ओळखायला माजी महिला अधिकारीही सभागृहात लागतील.

आणि आता सगळ्यात तातडीचं. चार वर्षांसाठी ‘अग्निवीर’ भरती करणारी अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली. तिची पहिली तुकडी २०२६ संपता संपता आणि २०२७ च्या सुरुवातीला चार वर्षं पूर्ण करते आहे. नियमाप्रमाणे चारांतल्या एकाला कायम ठेवतील, बाकीचे तिघे साधारण पावणेबारा लाखांचा एकरकमी सेवानिधी घेऊन घरी येतील. पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनवर गेला. विम्याची आणि मदतीची रक्कम त्याच्या आईवडिलांना देय झाली, पण नियमित सैनिकाच्या घरच्यांना मिळते तशी कायमची पेन्शन त्या योजनेत नाही. योजना चूक की बरोबर यावर आपल्या पक्षांत दोन मतं असतील. माझं मत विचाराल तर चार वर्षांत पलटणीचं नातं तयार होत नाही. पण ते बाजूला ठेवू. तेवीस-चोवीस वर्षांची ही पोरं गावोगाव परत येणार आहेत. कुणाचा कान गेलेला असेल, कुणाचा गुडघा, कुणाची झोप. त्यांनी कोणत्या खिडकीवर जायचं? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांचं काम कोणत्या नियमाने चालेल? याचं उत्तर आपल्या जाहीरनाम्यात छापून हवं आहे, मग आपण सत्तेत असा की विरोधात.

उमेदवारीबद्दल एक अडचण मला दिसते आणि आपल्यालाही दिसत असणार. लोकसभेच्या उमेदवाराला कायद्याने ९५ लाखांपर्यंत खर्च करता येतो, आणि प्रत्यक्षात किती होतो हे माझ्यापेक्षा आपल्याला जास्त माहीत. हवालदाराकडे एवढे पैसे नसतात. त्याच्याकडे कारखाना नसतो, शिक्षणसंस्था नसते, गाड्यांचा ताफा नसतो. म्हणून त्याला उमेदवारी देणं म्हणजे त्याचा खर्च पक्षाने उचलणं. हे करणार नसाल तर उमेदवारी देऊ नका, माणूस कर्जात बुडेल. सुरुवात खालून करा. पंचायत समितीला, जिल्हा परिषदेला आमची माणसं उभी करा, तीन-चार वर्षं काम पाहा. आमच्या गावचा सरपंच निवृत्त नायक आहे. पाणीपुरवठ्याचा हिशोब तो दर महिन्याला चावडीच्या भिंतीवर लावतो. असा माणूस तालुक्यात एक तरी सापडेलच.

मतदारांना मात्र मी हे सांगत फिरणार नाही की सैनिक आहे म्हणून मत द्या. तो काय बोलतो ते ऐका, काय केलंय ते पाहा आणि पटलं नाही तर पाडा. करिअप्पांना पाडलं तसं पाडा. आम्हाला फक्त रिंगणात उतरायची जागा हवी आहे.

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. त्या दिवशी सकाळी दहा वाजता आमच्या गावच्या मारुतीच्या देवळासमोर पाच गावांतले माजी सैनिक आणि वीरपत्नी जमतात. दर वर्षी जमतात, निधी गोळा करतात आणि चहा पिऊन घरी जातात. या वेळी आपल्या पक्षाचा जाहीरनामा जो माणूस लिहितो त्याला तिथे पाठवा. नेते नाही आले तरी चालेल. शाल-श्रीफळ आणू नका, वही आणा. फाईल मी घेऊन येतो. सगळ्यात वर त्या काकूंचा अर्ज ठेवला आहे.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
जिल्हा सातारा